एक ते नऊ, नऊ ते एक

भाऊबीजेला मी शहादा तालुक्यातल्या ब्राह्मणपुरीस बहिणीकडे जातो. यंदा भाची दहावीला. "गणित हिच्या डोक्यातच शिरत नाही. पुढं गणित सुटेल अशीच शाखा घ्यायची, ठरलंय!" मी चहाचा कप तोंडाला लावण्यापूर्वीच मेहुण्यांनी निकाल दिला. भाची अंगणात ठिपक्यांची रांगोळी काढीत होती. तिने मान वर केली नाही.

मी कागदावर नऊ एक मांडले, १११११११११, आणि मेहुण्यांना म्हटले, "याचा वर्ग सांगा." त्यांच्या दुकानातला कॅल्क्युलेटर बारा आकड्यांचा. त्याने हात टेकले. उत्तर आहे १२३४५६७८९८७६५४३२१. चांगली सतरा आकडी! भास्कराचार्यांनी 'लीलावती'त एकंपासून परार्धापर्यंत अठरा स्थाने सांगितली आहेत. या संख्येचा पहिला एक बसतो 'मध्य' स्थानी, परार्धाच्या एकच पायरी खाली.

अशा संख्यांना 'डेमलो' म्हणतात. देवळालीचे शाळामास्तर दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांना त्या डोंबिवली स्टेशनात सुचल्या, म्हणून स्टेशनाचे तेव्हाचे नाव त्यांनी संख्यांना देऊन टाकले. १९३० ते १९६२ त्यांनी मास्तरकी केली. पदवीपुढचे शिक्षण नाही, त्यामुळे पुष्कळ विद्वानांनी त्यांचे काम पोरखेळात काढले. १९७५ साली अमेरिकेत मार्टिन गार्डनर यांनी त्यांच्यावर लिहिले, तेव्हा कुठे जगात नाव झाले. (आपल्याकडे मास्तरांना ओळखायला अमेरिका लागते, ते एक असो.)

"पण आकडे असे चढून उतरतात का?" मी विचारले. मेहुणे गप्प. अंगणातून आवाज आला, "मामा, ही तर माझीच रांगोळी! एक ते नऊ, नऊ ते एक ठिपके."

खरेच की! नऊ एकांना नऊ एकांनी गुणताना एकेक घर सरकवीत नऊ ओळी लिहावयाच्या. उभ्या रकान्यांत मग एक, दोन, तीन असे करीत नऊपर्यंत एक जमतात आणि तसेच उतरत जातात. नवाच्या वर कुठेच बेरीज जात नाही, म्हणून हातचा नाही.

"एकूण ठिपके किती?"

"एक्क्याऐंशी. नऊ नवे. चौकोनच तिरपा ठेवलाय, मामा."

संख्येतल्या आकड्यांची बेरीजही एक्क्याऐंशीच!

मेहुण्यांनी वकिली काढली. "मग दहा एक घेतले तर?"

भाचीने बोटे ओढणीला पुसली, कागद ओढला. पाच मिनिटांनी उत्तर आले: १२३४५६७९००९८७६५४३२१. चढत्या बाजूचा आठ गायब, मध्ये दोन शून्ये.

"मधल्या रकान्यात दहा झाले, बाबा. हातचा एक डावीकडं गेला, तिथल्या नवाचे दहा झाले. पुन्हा हातचा, म्हणून आठाचा नऊ."

मेहुण्यांनी चष्मा लावला आणि ओळी मांडून पडताळा घ्यायला बसले. बहीण दोनदा फराळाला हाक मारून गेली.

"शाखेचं काय ते निकालानंतर बघू," ते मान वर न करता म्हणाले. त्यांचा एक हातचा कुठे तरी हरवला होता. भाची केव्हाच रांगोळीत रंग भरायला गेली होती.