पेन्शनचा कागद आणि बीपीची गोळी

आरोग्याच्या सदरात पेन्शनचा विषय कशाला, असे काही वाचक विचारतील. त्यांनी महिनाअखेरीस कोणत्याही डॉक्टरच्या दवाखान्यात तासभर बसून पाहावे. रक्तदाब आणि मधुमेह हे जन्माचे सोबती. त्यांच्या गोळ्यांना खंड चालत नाही. पेन्शनला मात्र खंड पडतो, आणि तो पडला की घरात पहिली काटछाट म्हाताऱ्या माणसाच्या गोळ्यांत होते. किराणा थांबत नाही, नातवाची फी थांबत नाही, गोळी तेवढी ‘एक दिवसाआड’ होते.

आपल्या पालम तालुक्यात एका बहुउद्देशीय आरोग्य कर्मचाऱ्याने तीस वर्षे नोकरी केली. हिवतापाचे रक्तनमुने घेतले, विहिरीत टीसीएल टाकले, पोलिओच्या रविवारी गोदाकाठच्या वस्त्या पालथ्या घातल्या. निवृत्तीनंतर तीनच वर्षांत तो गेला. पत्नीचे कुटुंब निवृत्तिवेतन चौदा महिने अडले. कारण काय, तर सेवापुस्तकात तिचे एक नाव, आधार कार्डावर दुसरे आणि बँकेच्या पासबुकात तिसरे. बाई माझ्याकडे आल्या तेव्हा उपाशीपोटी साखर तीनशेच्या वर होती. मी औषध बदलले नाही. औषध बरोबरच होते, ते पोटात जात नव्हते.

जुन्या पेन्शनचा लढा वाचकांना माहीत आहेच. १ नोव्हेंबर २००५ रोजी किंवा त्यानंतर राज्याच्या सेवेत लागलेल्यांची जुनी पेन्शन बंद झाली. १४ ते २० मार्च २०२३ या काळात राज्यभर संप झाला, त्यात आरोग्य कर्मचारीही होते. ही मागणी मला रास्त वाटते. कोविडच्या काळात ज्या सिस्टरने रात्रपाळ्या केल्या, तिचे म्हातारपण शेअर बाजाराच्या चढउतारावर सोडू नये. त्या संपानंतर काही पदरातही पडले. सेवेत असताना मृत्यू आलेल्या नव्या योजनेतील कर्मचाऱ्याच्या कुटुंबाला कुटुंब निवृत्तिवेतन व उपदान देण्याचा निर्णय मार्च २०२३ मध्येच झाला. नोकरीची जाहिरात १ नोव्हेंबर २००५ पूर्वीची, पण रुजू नंतर झाले, अशांना फेब्रुवारी २०२४ मध्ये जुन्या योजनेचा पर्याय मिळाला. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने युनिफाइड पेन्शन योजना मंजूर केली आणि राज्य मंत्रिमंडळाने दुसऱ्याच दिवशी ती स्वीकारली.

पण माझे म्हणणे वेगळेच आहे. मोर्चातल्या घोषणा सर्वांना तोंडपाठ आहेत. आपल्या सेवापुस्तकाची पाने किती जणांनी उघडून पाहिली? मृत्यू झाल्यास कुटुंबाला काय मिळावे याचा विकल्प कर्मचाऱ्याने हयातीतच भरून द्यायचा असतो. तो दिला आहे का, असे मी चार-पाच जणांना विचारले. दोघांनी मलाच उलट विचारले, “कसला विकल्प, डॉक्टरसाहेब?” संघटनांनी मुंबईला जरूर जावे, पण वर्षातून एक दिवस तालुक्याच्या ठिकाणी सेवापुस्तकाचे शिबिरही घ्यावे. रक्तदान शिबिराला जेवढा मांडव लागतो, तेवढाही याला लागत नाही.

त्या दिवशी पाहायचे ते एवढेच: जन्मतारीख, रुजू झाल्याची तारीख, प्रत्येक बदलीची आणि रजेची नोंद, वेतननिश्चिती, आणि पत्नीचे किंवा पतीचे नाव सगळीकडे एकसारखे आहे की नाही. वारस म्हणून अजून वारलेल्या वडिलांचेच नाव असेल, तर ते आधी बदलावे. (हे फार ठिकाणी आढळते. लग्नाआधी भरलेला कागद लग्नानंतर कोणी पाहतच नाही.) निवृत्तीला दोन वर्षे उरली की पेन्शनच्या कागदांची तयारी सुरू व्हायला हवी. जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्याचे प्रकरण परभणीतच मार्गी लागते. ग्रामीण रुग्णालयातील राज्य कर्मचाऱ्याचे मात्र नागपूरला महालेखापालांकडे जाते. तेथून त्रुटी काढून परत आले की महिने जातात. अशा वेळी तात्पुरत्या निवृत्तिवेतनाची तरतूद नियमात आहे, ते लेखी अर्ज करून मागावे. आणि नोव्हेंबरात हयातीचा दाखला चुकवू नये. पक्षाघाताने अंथरुणावर असलेल्या माणसाला रिक्षात घालून बँकेत आणलेले मी पाहिले आहे. डिजिटल दाखल्याची सोय २०१४ पासून आहे, तो घरी बसूनही काढता येतो.

प्रकरण अडले असेल तरी गोळी अडवू नका. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत आहेत. बीपी-साखरेच्या नेहमीच्या गोळ्यांसाठी आधी ग्रामीण रुग्णालयात जावे. माझे चार पैसे कमी झाले तरी चालतील.

राहिल्या आशाताई. त्यांना सेवापुस्तकच नाही, मग त्यात चूक तरी कशी निघणार? फेब्रुवारी २०२४ मध्ये त्या आझाद मैदानात बसल्या, मार्चमध्ये मानधनात पाच हजारांची वाढ मंजूर झाली. वाढ चांगलीच, पण ती काम चालू आहे तोवरची. २०१९ च्या श्रमयोगी मानधन योजनेत साठीनंतर महिना तीन हजार मिळतात, पण प्रवेश फक्त चाळिशीपर्यंत. तेव्हाच ज्यांनी चाळिशी ओलांडली होती, त्या बाहेर राहिल्या. दहा वर्षे सेवा करून निवृत्त होणाऱ्या आशाताईला वीस हजार मिळत. २०२५ मध्ये केंद्राने ते पन्नास हजार केले. दोघा नवरा-बायकोची बीपी-साखरेची औषधे बाहेरून घेतली तर महिन्याला दीड-दोन हजार सहज जातात. म्हणजे ही रक्कम तीन वर्षेही पुरत नाही. गावातल्या गरोदर बाईला रात्री-अपरात्री दवाखान्यात घेऊन येणारी हीच बाई. संघटनांनी पुढच्या निवेदनात तिच्या दरमहा पेन्शनची मागणी पहिल्या क्रमांकावर लिहावी, असे माझे स्पष्ट मत आहे.