रेडियमवाला आधी आडनाव विचारतो

मंडळी, या वीकेंडचा विषय जरा चिकट आहे. स्टिकर!

नांदेडात वजिराबादला किंवा लातुरात गंजगोलाईजवळ थोडा वेळ उभं राहून नुसत्या गाड्यांच्या पाठी वाचा. 'आई-वडिलांचा आशीर्वाद', राजमुद्रा, 'जय भीम', ट्रकवर खंडा (गुरुद्वाऱ्याचं गाव आहे आमचं), कुठल्यातरी क्लासचं नाव... आणि हल्ली सगळ्यात ठळक, नुसतं आडनाव. नवीन गाडी घेऊन रेडियमच्या दुकानात गेलो तर पहिला प्रश्न काय? "भाऊ, आडनाव काय?" त्यावरून कोणती फाइल उघडायची ते ठरतं. डिझाइन तयार, रंग तयार, तुमचा अभिमानसुद्धा तयार! दुकानदाराला दोष नाही, त्याचा धंदा आहे.

माझा आक्षेप श्रद्धेला नाही. शिवाय 'जय भीम' आणि आडनावाचा रुबाब एका तागडीत टाकणाऱ्यांशी माझं जमत नाही. विद्यापीठाच्या नामांतरासाठी ज्या मराठवाड्यात १९७८ पासून १९९४ पर्यंत वाट पाहावी लागली, तिथं एखादं नाव लिहिता येणं हीच केवढी गोष्ट आहे. पण आडनाव मागच्याला काय सांगतं? 'मी कोणाचा' एवढंच. सिग्नलला धक्का लागला की भांडण दोन माणसांचं राहत नाही, दोन आडनावांचं होतं. शेजारच्या बीड जिल्ह्यात २०२५ मध्ये पोलिसांच्या नावपट्ट्यांवरून आडनावं काढून फक्त पहिलं नाव ठेवलं, ते उगीच नाही.

म्हणून म्हणतो, स्टिकर घरी करा. घरी तयार फाइल नसते, काय लिहायचं ते स्वतःला सुचावं लागतं. आणि काम अवघड नाही हो. रंगीत विनाइलचा तुकडा आणा (सगळे रेडियमच म्हणतात, पण त्यात रेडियम औषधालाही नसतं). अक्षरं ठळक फाँटात प्रिंट करून वर चिकटवा आणि धारदार कटरनं कापा. घरच्या इंकजेटवर स्टिकर पेपर छापून लावायच्या भानगडीत पडू नका, पहिल्याच पावसात शाई ओघळते.

इथं आपली देवनागरी कामाला येते बरं का! इंग्रजी अक्षरं सुटी सुटी पडतात, ती ओळीत ठेवायला वरून टेप लागते. आपली शिरोरेखा अख्खा शब्द धरून ठेवते, एका तुकड्यात उचलता येतो. अनुस्वार तेवढा सुटतो, तो मागून वेगळा बसवायचा. पत्र्यावर साबणाचं पाणी मारा, शब्द ठेवा, सरकवून सरळ करा आणि जुन्या एटीएम कार्डनं मधून कडेकडे पाणी काढा. नंबर प्लेटला मात्र हात लावायचा नाही, तिथं मराठी आकडेही चालत नाहीत. आणि तुमचं गाव सांगायला प्लेट पुरेशी आहे. हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये एमएच २६ दिसली की मी अजून वाकून बघतो!

मजकूर काय, म्हणाल तर आपल्याकडं विषयांना तोटा आहे का? २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. लातूरच्या मळलेल्या गाडीवर 'मुद्दाम धुतलेली नाही' एवढंच लिहिलं तरी मागचा हसेल, आणि तो कोणाही आडनावाचा असला तरी हसेल. माझ्या गाडीवर 'घाई असेल तर पुढं व्हा' आहे. होतात लोक, हात करून होतात.

आधीचं आडनाव काढायचं असेल तर हेअर ड्रायरनं गरम करून कोपऱ्यापासून हळूहळू ओढा. उरलेला गोंद खोबरेल तेलानं निघतो. जुन्या गाडीवर खूण मात्र राहते, आजूबाजूचा रंग उन्हानं उडालेला असतो ना.