वाळवंटात मुक्कामाला निघालात? आधी बॅटरी बघा

थँक्सगिव्हिंगची सुट्टी तोंडावर आली आहे. तिच्यामागोमाग नाताळ आणि नवं वर्ष. कॅलिफोर्निया, ॲरिझोना, नेवाडातली कितीतरी मराठी कुटुंबं या दिवसांत भाड्याची किंवा स्वतःची आरव्ही घेऊन डेथ व्हॅली, जोशुआ ट्री, अँझा-बोरेगो, क्वार्ट्झसाइटकडे निघतील. भारतातून आलेले आई-बाबा बरोबर असतील, मुलं असतील, दिवाळीचा उरलेला चिवडा असेल. या सगळ्यांना कळकळीची विनंती आहे. निघण्याआधी, जमलं तर आजच, गाडीतली हाउस बॅटरी कुठल्या प्रकारची आहे, किती क्षमतेची आहे आणि किती जुनी आहे हे माहीत करून घ्या. इंजिन सुरू करणारी बॅटरी वेगळी. मी म्हणतोय ती गाडीच्या राहत्या भागाला १२ व्होल्टची वीज पुरवणारी.

आरव्ही पार्कमध्ये उतरलात तर या बॅटरीचं अस्तित्वही जाणवत नाही. खांबावरच्या ३० किंवा ५० अँपिअरच्या सॉकेटला केबल जोडली की घरासारखं सगळं चालतं. खरा प्रश्न येतो तो हुकअप नसलेल्या उघड्या माळावर. क्वार्ट्झसाइटजवळच्या ला पोसा भागात सरकारी जमिनीवर १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल दीर्घ मुक्कामाची सोय असते आणि हिवाळ्यात तिथे आरव्हींचं मोठं गाव वसतं. पण तुमच्या गाडीपाशी विजेचा खांब कुठेही नसतो. अंधार पडल्यापासून सकाळी ऊन चढेपर्यंत गाडीत जे काही चालेल ते त्या एका डब्यावर.

‘वीज गेली तर गेली, मेणबत्ती लावू’ असं म्हणणारे आपल्यात पुष्कळ आहेत. लोडशेडिंगमध्ये वाढलेल्या माणसाला अंधाराचं काय भय! पण आरव्हीत बॅटरी संपणं म्हणजे नुसते दिवे जाणं नव्हे. प्रोपेनची टाकी काठोकाठ भरलेली असली तरी फर्नेस पेटत नाही, कारण ज्योत पेटवणारा बोर्ड आणि गरम हवा ढकलणारा पंखा दोन्ही १२ व्होल्टवर चालतात. गॅसवर चालणाऱ्या फ्रिजलाही त्याच्या बोर्डापुरती वीज लागतेच. नळाला पाणी पंपाने येतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे प्रोपेन गळतीचा आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बऱ्याच आरव्हींमध्ये याच बॅटरीला जोडलेला असतो.

पुढचं नीट वाचा, कारण हे आवाहन मुख्यतः यासाठीच आहे. पहाटे दोन-तीनला बॅटरी मान टाकते. फर्नेस बंद पडतो. जोशुआ ट्रीतले बरेच कँपग्राउंड हजार मीटरहून अधिक उंचीवर आहेत आणि तिथे डिसेंबरच्या रात्री पारा शून्याखाली जातो. गाडीच्या पातळ भिंती तासाभरात गार पडतात, मुलं कुडकुडू लागतात. मग कोणीतरी उठून गॅसची शेगडी पेटवतो आणि तशीच जळत ठेवतो, किंवा जनरेटर सुरू करून खिडक्या लावून पुन्हा झोपतो. ज्या वेळी कार्बन मोनॉक्साइड तयार होण्याची शक्यता सगळ्यात जास्त, नेमका त्याच वेळी अलार्म मुका झालेला असतो. या वायूला रंग नाही, वास नाही. डोकं दुखतं, गरगरतं, मळमळतं आणि माणसाला वाटतं, रात्रीचं जेवण बाधलं. आगीशी संबंध नसलेल्या, अपघाताने झालेल्या या विषबाधेने अमेरिकेत दरवर्षी चारशेहून अधिक माणसं मरतात, असं इथल्या रोग नियंत्रण केंद्राची आकडेवारी सांगते.

म्हणून पहिली गोष्ट. स्वतःच्या सेलवर चालणारा कार्बन मोनॉक्साइडचा वेगळा अलार्म कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. तो विकत घ्या आणि झोपायच्या जागेजवळ ठेवा. भाड्याच्या गाडीतही ठेवा. गाडीतल्या अलार्मची तारीखही बघा, कारण त्यातला सेन्सर काही वर्षांत निकामी होतो. दुसरी गोष्ट, जनरेटर लावून झोपायचं नाही. सुटा जनरेटर असेल तर तो गाडीपासून निदान सहा मीटर दूर, धूर खिडकीकडे येणार नाही असा ठेवायचा. शेजारच्या गाडीचा धूरही आपल्या खिडकीतून आत येऊ शकतो, हे क्वार्ट्झसाइटसारख्या दाटीच्या ठिकाणी ध्यानात असू द्या.

आता हिशेब. तो अवघड नाही, फक्त कागदावर करावा लागतो. फर्नेसचा पंखा चालू असताना साधारण आठ अँपिअर घेतो. थंडीच्या रात्री संध्याकाळी सहा ते सकाळी सहा या बारा तासांत तो निम्मा वेळ चालला असं धरा, म्हणजे ४८ अँप-अवर झाले. बाबांचं सीपॅप मशिन, म्हणजे झोपेत श्वास अडू नये म्हणून लावायचं यंत्र, आर्द्रता देणारा हीटर बंद ठेवला तर आठ तासांत २४ च्या आसपास घेतं. हीटर चालू ठेवला तर दुपटीच्याही वर. दिवे, पंप, मोबाइल मिळून दहा. अलार्म, फ्रिजचा बोर्ड आणि कुठे कुठे मिणमिणणारे लाल-हिरवे दिवे मिळून आणखी दहा. नव्वदच्या वर गेलो, आणि यात १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रिज धरलेला नाही. तो असेल तर रात्रीत आणखी २५-३० धरा.

आता गाडीत काय असतं ते बघू. पुष्कळ भाड्याच्या आणि जुन्या गाड्यांमध्ये लेड-ॲसिडची एक, फार तर दोन बॅटऱ्या असतात. कागदावर प्रत्येकी शंभर अँप-अवर. लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याखाली उतरवली की तिचं आयुष्य झपाट्याने घटतं, म्हणून हाती खरे पन्नास. थंडीत तेही कमी होतात, शून्य अंशाला पाचवा हिस्सा गेलाच म्हणून समजा. बॅटरी तीन-चार वर्षं जुनी आणि हेळसांड झालेली असेल तर बोलायलाच नको. अशा एका बॅटरीवर वरचा हिशेब बसत नाही. पहाटेच्या आत फर्नेस थांबणार, हे घरबसल्या सांगता येतं.

सीपॅपबद्दल आणखी एक. इन्व्हर्टर नसलेल्या आरव्हीत भिंतीवरची नेहमीची सॉकेट्स हुकअप किंवा जनरेटर असतानाच जिवंत असतात. बॅटरीवर ती चालत नाहीत. हे कळतं ते रात्री दहाला, बाबांचं मशिन जोडताना. त्या मशिनचं १२ व्होल्टचं ॲडॉप्टर आधी मागवून घ्या, आणि निघण्यापूर्वी घराच्या दारात, केबल न जोडता, एक रात्र गाडीत काढून बघा. फर्नेस लावून, मशिन लावून. शेजारी हसले तर हसू द्या.

ज्यांची स्वतःची आरव्ही आहे आणि नवी बॅटरी घ्यायचा विचार आहे, त्यांच्यासाठी माझं मत स्पष्ट सांगतो. वर्षातून दोन-तीनदाच बाहेर पडत असाल आणि पाणी घालायचा कंटाळा नसेल, तर गोल्फ कार्टमधल्या ६ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडून १२ व्होल्ट करा. जाड प्लेट्सच्या या बॅटऱ्या मार खाऊन टिकतात आणि जोडीला दोनशेच्या वर अँप-अवर देतात. वजन मात्र जोडीचं साठ किलोच्या घरात. एजीएम या सीलबंद लेड-ॲसिड प्रकारात पाणी घालावं लागत नाही, पण निम्म्याच्या मर्यादेचं दुखणं तेच, आणि किंमत जास्त. वाळवंटात वारंवार, चार-सहा दिवस राहणाऱ्यांनी लिथियम आयर्न फॉस्फेटच घ्यावी. जॉन गुडइनफ यांच्या टेक्सासमधल्या प्रयोगशाळेत १९९० च्या दशकात पुढे आलेलं हे रसायन मोबाइलमधल्या लिथियमपेक्षा तापायला आणि पेटायला बरंच कमी प्रवण आहे. शंभर अँप-अवरची बॅटरी बारा-तेरा किलोची, आणि त्यातले ऐंशी-नव्वद निर्धास्त वापरता येतात.

पण जुनी काढली, नवी ठेवली, तारा जोडल्या, झालं, असं लिथियमचं नाही. इथेच लोक फसतात. शून्य अंशाखाली ही बॅटरी वीज देते, पण घेऊ नये. थंडीत चार्ज केली तर आत धातुरूप लिथियमचा थर बसतो आणि ते नुकसान भरून येत नाही. म्हणून आतल्या बीएमएसमध्ये, म्हणजे बॅटरीवर देखरेख ठेवणाऱ्या सर्किटमध्ये, कमी तापमानाला चार्जिंग तोडण्याची सोय आहे का, हे विकत घेण्यापूर्वी विचारा. स्वस्तातल्या काही बॅटऱ्यांत ती नसते. दुसरं, गाडीतला बॅटरी चार्ज करणारा जुना कन्व्हर्टर बहुधा १३.६ व्होल्टवर थांबतो आणि लिथियमला १४.२ ते १४.६ लागतात, त्यामुळे ती पूर्ण भरतच नाही. तिसरं, इंजिनचा अल्टरनेटर थेट जोडला तर ही बॅटरी त्याच्याकडून इतका करंट ओढते की तो तापून जळू शकतो. मध्ये डीसी-टू-डीसी चार्जर हवाच. आणि व्होल्टमीटर बघून ती किती भरलेली आहे हे कळत नाही, कारण जवळजवळ शेवटपर्यंत तिचं व्होल्टेज १३ च्या आसपास सपाट राहतं आणि मग एकदम कोसळतं. त्यासाठी शंट असलेला, म्हणजे येणारा-जाणारा करंट मोजणारा, बॅटरी मॉनिटर बसवा.

लेड-ॲसिडचं उलट आहे. तिथे साधा मल्टिमीटर पुरतो. दोन-तीन तास काहीही न चालवता मोजलं आणि १२.६ किंवा १२.७ दिसलं तर भरलेली, १२.१ म्हणजे निम्मी. त्याखाली गेलात तर लगेच भरायला घ्या.

देखभालीचं ज्ञान खरं तर आपल्याकडे घराघरांत होतं. लोडशेडिंगच्या काळात इन्व्हर्टरची बॅटरी जिन्याखाली असायची आणि डिस्टिल्ड वॉटरचा कॅन तिच्या शेजारी. तेच इथे करायचं. महिन्यातून एकदा, आणि फिनिक्ससारख्या ठिकाणी उन्हाळ्यात त्याहून लवकर, झाकणं उघडून बघा. प्लेट्स उघड्या पडल्या असतील तर त्या बुडतील एवढंच डिस्टिल्ड वॉटर घाला, चार्ज करा आणि मगच पातळी पूर्ण करा. आधीच काठोकाठ भरलं तर चार्ज होताना ॲसिड उतू जातं. नळाचं पाणी नको, ॲरिझोनातलं तर नकोच. डोळ्यांना चष्मा, हातात मोजे, आणि जवळपास विडी-सिगारेट नाही, कारण चार्ज होताना हायड्रोजन निघतो आणि हवेत तो चार टक्के झाला की ठिणगी पुरते. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा.

बॅटरीला वाळवंटातली थंडी एका रात्रीत अडवते, ऊन मात्र तिला महिनोन् महिने खातं. २५ अंशांच्या वर दर दहा अंशांना लेड-ॲसिडचं आयुष्य साधारण निम्मं होतं. उन्हाळाभर आरव्ही अंगणात उभी असेल तर लेड-ॲसिड पूर्ण भरून ठेवा आणि अधूनमधून पुन्हा भरा. अर्धवट ठेवली तर प्लेट्सवर सल्फेट घट्ट बसतं. लिथियम मात्र निम्मी भरलेली आणि शक्य तितकी थंड जागा बघून ठेवा. दोन्हींसाठी डिस्कनेक्टचा खटका बंद करा.

‘छतावर सोलर आहे, मग चिंता कसली?’ असं मला वारंवार ऐकायला मिळतं. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात क्वार्ट्झसाइटला भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम ३३ अंश वर येतो आणि दिवस दहा तासांचा. छतावर सपाट बसवलेला शंभर वॉटचा पॅनेल अशा दिवशी वीस अँप-अवरच्या आसपास देतो. सूर्याकडे कलता ठेवला तर दीडपट. पॅनेलच्या कोपऱ्यावर एसीची सावली पडली किंवा धूळ बसली की आणखी कमी. नव्वदची रात्र भरून काढायची तर असे तीन-चार पॅनेल हवेत, तेही नीट कललेले. सकाळी तासभर जनरेटर लावून लेड-ॲसिड भरून निघेल, हाही भ्रमच. तिचा शेवटचा पाचवा हिस्सा भरायला कित्येक तास लागतात.

स्वयंपाक गॅसवरच करा, खिडकी किलकिली ठेवून आणि वरचा पंखा लावून. हजार वॉटचा इन्स्टंट पॉट इन्व्हर्टरवर लावला तर बॅटरीतून नव्वदच्या वर अँपिअर ओढतो, आणि चहाची इलेक्ट्रिक किटली त्याच्या दीडपट. मिक्सर लावायला नको, म्हणून चटणी घरून वाटून न्या.

अलार्म वाजलाच तर विचार करत बसू नका. सगळ्यांना बाहेर काढा, गाडीपासून दूर जा आणि ९११ ला फोन करा. या भागात कितीतरी ठिकाणी मोबाइलला रेंज नसते. आयफोन १४ किंवा त्यानंतरचा असेल तर उपग्रहाद्वारे मदत मागता येते. ती कशी मागायची हे घरीच शिकून ठेवा, आई-बाबांनाही दाखवा.

गाडी भाड्याची असेल तर उद्या सकाळी कंपनीला फोन करून विचारा. हाउस बॅटऱ्या किती, कुठल्या, शेवटच्या कधी बदलल्या? इन्व्हर्टर आहे का? कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म कोणत्या सालचा? उत्तरं धड मिळाली नाहीत, तर उघड्या माळावरचा बेत या खेपेला सोडून हुकअपची जागा घ्या. डेथ व्हॅलीत फर्नेस क्रीकला अशा थोड्या जागा आहेत, क्वार्ट्झसाइट गावात तशी बरीच पार्क्स आहेत. सुट्टीच्या दिवसांत आणि जानेवारीत त्या लवकर भरतात, तेव्हा आरक्षण या आठवड्यातच करा.