आधी गाडी बघा, मग साल सांगा

मंडळी, मोबाईलवर जुना ब्लॅक अँड व्हाईट फोटो येतो, खाली लिहिलेलं असतं, 'इंग्रजांच्या काळातली मुंबई'. आपण 'काय दिवस होते राव!' म्हणतो आणि पुढे पाठवतो. अरे, इंजिनिअर ना आपण? रस्त्यावरच्या गाड्या तरी बघा!

ॲम्बॅसॅडर दिसली, तर इंग्रज कधीच गेलेले. ती आली 1957च्या सुमारास. पण घाई नको. 1954ची लँडमास्टर लांबून तशीच वाटते. मागच्या मडगार्डवर छोटे पंख असतील, तरच ॲम्बॅसॅडर म्हणा. शेजारी ट्राम असेल तर काम सोपं. मुंबईची शेवटची ट्राम 31 मार्च 1964 ला धावली. म्हणजे फोटो मधल्या सात-आठ वर्षांतला.

नियम एकच: साल ठरवायचं ते फोटोतल्या सगळ्यात नव्या गाडीवरून. जुनीवरून काही ठरत नाही. आजोबांची गाडी नातूही पळवतो.

कुणी म्हणेल, दहा वर्षांनी काय बिघडतं? बिघडतं ना! उत्तरपाड्याच्या कारखान्यात आपल्या कामगारांनी बनवलेली गाडी आपण फुकटात इंग्रजांच्या खात्यावर जमा करतो. तेव्हा पुढचा फोटो पाठवण्याआधी जरा झूम करा.