आरसा म्हणजे बॅकअप नव्हे

मंडळाच्या मागच्या बैठकीत नवा संगणक घ्यायचा विषय निघाला. पेडणे आणि डिचोली तालुक्यांतून आपली मुलं दशावतारी काला, धालो, फुगड्या, म्हाताऱ्या बायकांच्या तोंडच्या ओव्या रेकॉर्ड करून आणतात. ते सगळं आज कुणाच्या मोबाईलवर तर कुणाच्या पेन ड्राइव्हवर पडून आहे. एक चांगलं वर्कस्टेशन घेऊ, त्यात चार डिस्कचा रेड बसवू, म्हणजे काळजी मिटली, असा एकूण सूर होता. यंत्राला माझी हरकत नाही. हरकत आहे ती ‘काळजी मिटली’ या शब्दांना.

रेड म्हणजे काय ते आधी बघू. १९८८ साली बर्कलीच्या डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी ही कल्पना एका शोधनिबंधात मांडली. एका महागड्या डिस्कऐवजी स्वस्तातल्या अनेक डिस्क जोडायच्या, आणि त्यातली एखादी गेली तरी काम थांबू द्यायचं नाही. जोडणीचे प्रकार बरेच आहेत. ४ टीबीच्या चार डिस्क घेतल्या तर रेड शून्यमध्ये पूर्ण १६ टीबी जागा मिळते, पण एक डिस्क बिघडली की सगळंच जातं. रेड पाचमध्ये १२ टीबी मिळते आणि एक डिस्क गेलेली चालते. रेड सहामध्ये ८ टीबी मिळते आणि दोन गेल्या तरी चालतं. रेड एक सगळ्यात सोपा. त्यात दोन डिस्कवर तेच लिहिलं जातं, म्हणून त्याला आरसा म्हणतात.

आता आरशाचा स्वभाव बघा. तुम्ही जे कराल तेच तो दाखवतो. घाईत कुणी एक फोल्डर डिलीट केलं तर ते दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी जातं. व्हायरसने फाईल्स कुलूपबंद केल्या तर दोन्हीकडच्या होतात. पावसाळ्यात वीज पडून संगणक जळला किंवा खोलीत पाणी शिरलं तर एकाच डब्यातल्या चारही डिस्क एकदम जाऊ शकतात. रेड फक्त एका संकटासाठी आहे: डिस्क बिघडणं.

आपल्याच साहित्याचा इतिहास हेच सांगतो. फादर थॉमस स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण १६१६ साली रायतूरला छापलं गेलं. पुढे १६४९ आणि १६५४ साली ते पुन्हा छापलं. या तीन छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. मग जवळपास ११ हजार ओव्यांचा हा ग्रंथ आपल्यापर्यंत आला कसा? लोकांनी हाताने नकला केल्या आणि त्या लांब लांब गेल्या म्हणून. मंगळूरला १९०७ साली जोसेफ सालढाणा यांनी जी आवृत्ती काढली ती अशाच हस्तलिखितांवरून. देवनागरीतलं एक हस्तलिखित तर लंडनला सापडलं. सगळ्या प्रती एकाच कपाटात असत्या तर आपण आज फक्त ग्रंथाचं नाव घेत बसलो असतो.

म्हणून माझं म्हणणं असं: चार डिस्कचा थाट नको. दोन डिस्कचा आरसा पुरे. लिनक्सवर एमडीएडीएमने किंवा विंडोजच्या स्टोरेज स्पेसेसने तो फुकटात जमतो, वेगळं कार्ड लागत नाही. जोडणी करताना त्या डिस्कवरचं जुनं सगळं पुसलं जातं, तेव्हा आधी नक्कल, मग जोडणी. वाचलेल्या पैशांत एक यूपीएस आणि दोन बाहेरच्या हार्ड डिस्क घ्या. एक कॉलेजच्या ग्रंथालयात ठेवा, दुसरी पेडण्याला किंवा डिचोलीला, जिथून हे आवाज आले तिथेच. जमलं तर एक प्रत ऑनलाइन. प्रत्येक फाईलबरोबर कोण गायलं, कुठे, कधी, हे लिहून ठेवा.

काही जण म्हणतील, बाहेरची डिस्क आठवणीने जोडावी लागते, रेड आपोआप चालतो. खरं आहे. एकदा परीक्षा सुरू झाली की डिस्क कुणाला आठवणार? म्हणूनच हे काम ‘मंडळाचं’ ठेवू नका, एका माणसाच्या नावावर लावा. महिन्याला एकदा नक्कल करायची, आणि सत्राला एकदा त्यातल्या चार फाईल्स उघडून खरंच वाजतात का ते ऐकायचं.

डिस्क दुकानात पुन्हा मिळते. ऐंशी वर्षांच्या आजीने गायलेला धालो गेला, तर तो पुन्हा गायला ती पुढच्या वर्षी असेलच असं नाही. पैसे मंजूर करण्यापूर्वी मंडळाने एवढा विचार करावा.