वाफसा रोपाच्या कप्प्यातही हवा

वांग्याची रोपे घरी किंवा रानात तयार करायची म्हटले की मातीबद्दल एकच उत्तर मिळते: एक भाग माती, एक भाग वाळू, एक भाग शेणखत. माहितीपत्रके हेच सांगतात, शेजारीपाजारी हेच सांगतात. उत्तर सोपे आहे, म्हणून पाठही झाले आहे. पण त्यात ‘एक भाग माती’ म्हणजे कोणती माती, हे सांगितलेले नसते. ती कशात भरायची, वाफ्यात, कुंडीत की बोटभर खोलीच्या ट्रेमध्ये, हेही नसते. याच दोन गोष्टींवर रोप जगणार की बुंध्याशी काळे पडून आडवे होणार हे ठरते. माझे म्हणणे असे की रोपाच्या मातीची पारख तिच्या कसावरून करू नये. भरपूर पाणी घालून ते निथळल्यावर तिच्यात हवा किती उरते, यावरून करावी. शेतकरी वाफसा आल्याशिवाय पेरणी करत नाही. तीच कसोटी रोपाच्या कप्प्याला लावायला हवी.

वांग्याचे बी फार बारीक असते, एका ग्रॅममध्ये दोनशेच्या वर बिया बसतात. तरीही उगवून वर यायला लागणारी शिदोरी त्या बीमध्येच असते. २५ ते ३० अंश तापमानात साधारण आठवडा-दीड आठवड्यात कोंब वर येतो, आणि पहिली दोन दले उघडेपर्यंत त्याला मातीतले अन्न जवळजवळ लागत नाही. लागतो तो ओलावा आणि प्राणवायू. प्राणवायू हवेत ज्या वेगाने पसरतो, त्याच्या सुमारे दहा हजार पटींनी हळू तो पाण्यात पसरतो. म्हणजे मातीतली सगळी पोकळी पाण्याने भरली की मूळ गुदमरते. याच वेळी पिथियमसारख्या बुरशीचे चांगले फावते, कारण तिचे बीजाणू मोकळ्या पाण्यात पोहत मुळापर्यंत जातात. रोप कोलमडण्याचा जो रोग सगळ्यांना ठाऊक आहे, त्यात बुरशी तर असतेच, पण तिला वाट करून देते ती साचलेल्या पाण्याची माती. औषध ओतून बुरशी काही दिवस थोपवता येते, माती मात्र तशीच राहते. वांग्याच्या बाबतीत ही गोष्ट जास्तच महत्त्वाची आहे. टोमॅटोचे रोप ट्रेमध्ये तीन-साडेतीन आठवड्यांत लावणीला येते, वांग्याला पाच ते सहा आठवडे लागतात. इतके दिवस रोज पाणी खाऊनही जी दबत नाही, अशीच माती त्याला हवी.

आता ‘एक भाग माती’कडे येऊ. देशावरच्या काळ्या मातीत चिकण कण अनेकदा निम्म्याच्या घरात असतात. ते पाणी पिऊन फुगतात आणि वाळले की भेगाळतात. ही माती कापसाला, ज्वारीला उत्तम. तीन-चार सेंटिमीटर खोलीच्या कप्प्यात मात्र ती ओली असताना लगदा होते आणि सुकली की कप्प्याच्या कडा सोडून आवळते, त्यात कोवळी मुळे तुटतात. तिच्यात तिसरा हिस्सा वाळू घातली तरी काम होत नाही. वाळूचे खडे एकमेकांना टेकले तरच त्यांच्यामध्ये पोकळी राहते. वाळू कमी पडली तर चिकण माती त्या फटींत भरून बसते आणि मिश्रण आधीपेक्षाही घट्ट होते. मिश्रणात निम्म्याहून बरीच जास्त वाळू घातली तरच फरक पडतो, आणि मग ते इतके जड होते की गच्चीवर न्यायला नको वाटते. शिवाय नदीची वाळू आज मिळते कुठे आणि किती रुपयांना, हे वेगळे सांगायला नको. तिच्या जागी खडीच्या क्रशरवरची कच येते, तिच्यातली भुकटी धुऊन काढली नाही तर तीच छिद्रे बुजवते. किनाऱ्याकडच्यांनी खाडीची वाळू तर वापरूच नये, तिच्यातले मीठ कोवळ्या मुळाला सोसत नाही. काळ्या मातीच्या मुलखात राहणाऱ्याने रोपांसाठी ओढ्याकाठचा पोयटा शोधावा, शेतातली काळी माती शेतातच राहू द्यावी.

कोकण आणि गोव्यातल्या जांभ्याच्या तांबड्या मातीचे गणित वेगळे आहे. तिच्यातून पाणी चांगले निचरते, पण ती आम्लधर्मी असते आणि अन्नद्रव्ये धरून ठेवत नाही. तिथे चिमूटभर राख मिसळली तर उपयोग होतो. तीच राख देशावरच्या मुळातच विम्ल असलेल्या मातीत घातली तर लोह आणि जस्त मुळांना मिळेनासे होते आणि पाने पिवळी पडतात. किनारपट्टीवर खरा धोका जिवाणूजन्य मर रोगाचा आहे. रोप हिरवेगार असतानाच एका दुपारी मान टाकते आणि मग उठत नाही. हा जिवाणू मातीत वर्षानुवर्षे टिकतो. म्हणून ज्या जागी आधी वांगी, टोमॅटो, मिरची किंवा बटाटा घेतला आहे, तिथली माती रोपांसाठी घेऊच नये. हा नियम देशावरही पाळावा, कारण मुळांवर गाठी करणारे सूत्रकृमी याच पिकांवर वाढतात. रोपाच्या मुळांबरोबर ते नव्या रानात गेले की तिथून त्यांना काढणे फार अवघड असते. तेव्हा रायगडातल्या बागेला आणि परभणीतल्या मळ्याला एकच प्रमाण सांगणे म्हणजे दोघांपैकी एकाचे नुकसान ठरलेले.

भांड्याच्या खोलीचा मुद्दा तर बहुतेक ठिकाणी उल्लेखलाही जात नाही. शेतात पावसाचे पाणी खाली खेचले जाते, कारण मातीचा थर पुढे खोलवर सलग असतो. भांड्यात तो तळाशी संपतो. भोक कितीही मोठे पाडले तरी तळाजवळच्या काही सेंटिमीटरच्या थरात पाणी धरूनच राहते, आणि या पाणथळ थराची उंची मातीच्या बारीकपणावर ठरते, भांड्याच्या उंचीवर नाही. एक फूट खोल कुंडीत असा थर तळाशी पडून राहिला तरी वरची मुळे सुखात असतात. चार सेंटिमीटरच्या कप्प्यात मात्र तो थर म्हणजेच सगळा कप्पा. म्हणून शेतात उत्तम निचरणारी माती ट्रेमध्ये चिखल होते. तळाशी खडे किंवा खापऱ्या घातल्या तरी यावर उपाय होत नाही, पाणथळ थर फक्त वर सरकतो आणि मुळांची जागा आणखी कमी होते. उपाय एकच, मिश्रण भरड ठेवणे. मैद्यासारखी चाळलेली माती दिसायला छान दिसते, पण रोपाला ती मारक. चार-पाच मिलिमीटरच्या चाळणीने ढेकळे काढावीत, आणि शक्य असेल तर अगदी बारीक चाळणीतून खाली पडणारी भुकटीही बाजूला करावी.

शेणखताबद्दल आपल्याकडे जिव्हाळा आहे आणि तो योग्यच आहे, पण बी पेरायच्या मिश्रणात तिसरा हिस्सा शेणखत मला अजिबात मान्य नाही. उकिरड्यातून काढलेले अर्धवट कुजलेले खत कप्प्यात कुजतच राहते. त्यातून उष्णता निघते, अमोनिया सुटतो, प्राणवायू खर्च होतो. तणाचे बी आणि हुमणीची अंडी-अळ्या येतात त्या वेगळ्याच. इथे एक जुना पुरावा आठवावा. १९३०च्या दशकात लंडनजवळच्या जॉन इन्स संस्थेत विल्यम लॉरेन्स आणि जॉन न्यूवेल यांनी कुंडीच्या मातीचे पद्धतशीर प्रयोग केले. तोवर एकेका वनस्पतीसाठी माळ्यांची वेगवेगळी मिश्रणे चालत. त्यांनी बी पेरण्यासाठी जे मिश्रण ठरवले त्यात आकारमानाने दोन भाग पोयट्याची माती, एक भाग पीट आणि एक भाग भरड वाळू होती, वर थोडे सुपर फॉस्फेट आणि किंचित चुन्याची भुकटी. माती वाफेवर निर्जंतुक केलेली असे. शेणखत त्यात नव्हते. तिथले हवामान वेगळे आणि पीट आपल्याकडचे नव्हे, म्हणून ते प्रमाण जसेच्या तसे उचलायचे कारण नाही. पण स्वच्छ माती, मोकळी पोकळी आणि थोडेसेच अन्न हा त्यांचा क्रम आपल्यालाही लागू पडतो. खाऊ घालायचेच असेल तर दोन खरी पाने आल्यावर पाण्यातून, थोडे थोडे घालता येते.

यावर पहिला आक्षेप हमखास येतो: आमच्या आजोबांनी हे काही न करता वांग्याचा तरवा टाकला आणि तो उत्तम आला. आला, यात शंका नाही. पण त्यांनी तो गादीवाफ्यावर टाकला होता. दहा-पंधरा सेंटिमीटर उंच वाफा, खाली सलग जमीन, चारी बाजूंनी निचरा, वर मोकळे ऊन. आज सांगत असलेली कसोटी त्या वाफ्याने न सांगता पार केलेली होती. कोकणात आणि मावळात भाताच्या रोपांसाठी पालापाचोळा, फांद्या आणि शेण वाफ्यावर पसरून राब भाजत. त्यात वरचा मातीचा थर तापून तणाचे बी आणि रोगजंतू कमी होत. पुण्याच्या शेती महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरल्ड मॅन यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या राबाचा शास्त्रीय अभ्यास केला होता. झाडांच्या फांद्या तोडून जाळणे आता परवडणारे नाही, पण रोपाची माती आधी स्वच्छ करावी हा जुन्यांचा विचार सोडून फक्त ‘माती, शेणखत’ एवढेच लक्षात ठेवणे हा त्यांच्यावरच अन्याय आहे.

दुसरा आक्षेप नव्या मंडळींचा असतो. कोकोपीट असताना मातीचा एवढा काथ्याकूट कशाला? कोकोपीट चांगलेच आहे. हलके, भरड, बहुतांशी रोगमुक्त. मोठ्या रोपवाटिका त्याच्यावरच चालतात. मात्र त्यात अन्न जवळजवळ नसते, आणि नारळाची सोडणे खाऱ्या पाण्यात भिजवलेली असतील तर सोडियम भरपूर असतो. स्वस्त विटा धुतल्याशिवाय वापरल्या की रोपांच्या पानांच्या कडा करपतात. दोन-तीनदा गोड्या पाण्यात भिजवून पिळून घेणे हा किमान उपचार आहे. कोकोपीट वरून कोरडे दिसते आणि आत चिंब असते, त्यामुळे नवखा माणूस रोज पाणी घालून रोपे कुजवतो. माझा विरोध कोकोपीटला नाही, ते विकत आणले की विचार संपला या समजुतीला आहे. भंडारा, गोंदिया, मावळ, कोकण या भाताच्या भागांत गिरणीवर तुसांचे ढीग पडलेले असतात. ती तुसे पांढरी राख न होऊ देता काळी होईपर्यंत करपवली की हलका, भरड आणि स्वच्छ माल तयार होतो. तो गावातच मिळत असताना दूरवरून विटा मागवायची गरज काय?

तिसरा आक्षेप सर्वांत व्यवहारी: रोपे विकत मिळतात, शेतकऱ्याने यात वेळ का घालवावा? हिशेब करून पाहू. ९० बाय ९० सेंटिमीटरवर एकरी सुमारे पाच हजार रोपे लागतात. ९८ कप्प्यांच्या ट्रेमधल्या एका कप्प्यात साधारण २५ मिलिलिटर मिश्रण धरले, तर पाच हजार रोपांना सव्वाशे लिटर मिश्रण पुरते, म्हणजे दहा-बारा घमेली. एकरभर वांग्याचा हंगाम एवढ्याशा मातीवर उभा असतो. ती नीट करायला एक दिवस पुरतो. रोपे विकतच घ्यायची असतील, तरी ती कोणत्या मिश्रणात वाढली आणि मुळे कशी आहेत हे ट्रेमधून एक रोप उपसून पाहायचा हक्क शेतकऱ्याला आहे. पांढरीशुभ्र मुळे कप्प्याचा आकार धरून आलेली दिसली पाहिजेत. तपकिरी, वास येणारी किंवा गाठी असलेली मुळे दिसली तर रोपे स्वस्त असूनही परत करावीत. राज्यात भाजीपाला रोपवाटिकांसाठी २०२० पासून पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर रोपवाटिका योजना आहे. शेडनेटसारख्या उभारणीला अनुदान देणे ठीकच. पण रोपवाटिकेने आपल्या मिश्रणात काय आहे आणि माती वापरली असल्यास ती कशी स्वच्छ केली हे पावतीवर लिहून द्यावे, अशी अट घातली तर खर्च काहीच नाही आणि शेतकऱ्याचा लाभ मोठा आहे.

मग प्रमाण काय घ्यावे? सुरुवात म्हणून पोयट्याची माती एक भाग, पूर्ण कुजलेले आणि चाळलेले शेणखत किंवा गांडूळखत एक भाग, आणि करपवलेली तुसे किंवा धुतलेले कोकोपीट दोन भाग. हे माझे मत आहे आणि ते तपासूनच स्वीकारावे. श्रीखंडाच्या अर्धा किलोच्या रिकाम्या डब्याला तळाशी चार-पाच भोके पाडावीत, ती चिकटपट्टीने बंद करून डब्यात किती पाणी मावते ते मोजावे. मग तो पुसून त्यात मिश्रण न दाबता भरावे आणि वरपर्यंत पाणी चमकेल इतके सावकाश घालावे. तासाभराने पट्टी काढून निथळलेले पाणी मोजावे. जेवढे पाणी खाली आले, तेवढीच हवा आत गेली. डब्याच्या मापाच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा कमी पाणी आले तर आणखी तुसे घालावीत. दहावा ते पाचवा हिस्सा आले तर मिश्रण जमले. त्याहून बरेच जास्त आले तर उन्हाळ्यात ते दिवसातून तीनदा पाणी मागेल, तेव्हा थोडी माती वाढवावी. प्रो-ट्रे या डब्याहून उथळ असतो, म्हणून त्यासाठी मिश्रण वरच्या मर्यादेकडे ठेवावे.

मृगाच्या आसपास बी टाकायचे असेल तर त्याआधीचे ऊन वाया घालवू नये. पारदर्शक प्लॅस्टिकखाली ओली माती उन्हात तापवून रोगजंतू कमी करण्याची पद्धत इस्रायलमध्ये याकोव्ह कातान यांनी १९७६ साली मांडली, आणि एप्रिल-मेचे आपले ऊन तिला अगदी जुळते. माती ओली करून जुन्या ताडपत्रीवर दहा-बारा सेंटिमीटर थरात पसरावी, वर पातळ पारदर्शक कागद ताणून कडा मातीने बंद कराव्यात आणि चार ते सहा आठवडे हलवू नये. काळा कागद वापरू नये, त्याने माती कमी तापते. या उन्हात चांगले जंतूही मरतात, म्हणून कागद काढल्यावर मिसळायच्या शेणखतात ट्रायकोडर्मा घालून ते आठवडाभर सावलीत ओलसर ठेवावे. उन्हात तापवलेली माती मग शेताच्या कुदळीने किंवा मळक्या घमेल्याने हलवू नये, अवजारे आधी धुऊन घ्यावीत. ट्रे मागच्या वर्षीचे असतील तर तेही साबणाने घासून कडक उन्हात वाळवावेत. मिश्रण भरताना ते मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा आणि बोटाने टोचल्यावर सुटावा इतकेच ओले असू द्यावे, आणि बी अर्ध्या सेंटिमीटरहून फार खोल जाऊ देऊ नये.