टाळ्यांचे ऋण

नाटकगृहात टाळी वाजविणे सोपे. जिच्यासाठी ती वाजविली त्या कलेच्या उपासकाची उत्तरायुष्यात तरतूद करणे कठीण. आपल्या समाजाने आजवर सोपे तेवढेच पत्करले, असे खेदाने म्हणणे भाग आहे.

कै. नारायणराव राजहंस ऊर्फ बालगंधर्व (१८८८–१९६७) यांचे चरित्र याची साक्ष देते. १९११ साली 'मानापमाना'च्या पहिल्या प्रयोगादिवशी पोटची मुलगी दगावली असताही ते रंगभूमीवर उभे राहिले. १९१३ साली त्यांनी बोडस व टेंबे यांच्यासह गंधर्व नाटक मंडळी काढली. नाटककार गडकरी यांनी १९१९ च्या जानेवारीत आपल्याच जिल्ह्यात सावनेर येथे देह ठेवला. पुढच्याच महिन्यात त्यांचा 'एकच प्याला' याच मंडळीने रंगभूमीवर आणला. मद्याने उद्ध्वस्त झालेल्या घरातील सिंधू बालगंधर्वांनी फाटक्या लुगड्यात उभी केली. १९२१ साली टिळक स्वराज्य फंडासाठी केशवराव भोसल्यांसमवेत त्यांनी संयुक्त 'मानापमान' केले.

देशकार्याला असा हातभार लावणारी ही मंडळी स्वतः मात्र कर्जात बुडाली, आणि तिच्या धन्याचे वार्धक्य हलाखीत गेले. कोणी म्हणेल, भरजरी शालू व अत्तरे यांवर पैसा उधळला, जमाखर्च पाहिला नाही, त्याचे हे फळ. आक्षेप निराधार नाही. परंतु त्या वैभवाची चटक कोणास लागली होती? प्रेक्षकांसच ना? १९६४ साली पद्मभूषण मिळाले. पुण्याचे बालगंधर्व रंगमंदिर खुले झाले ते १९६८ साली, त्यांच्या मृत्यूनंतर!

सक्करदऱ्याच्या शेजारी रेशीमबागेत २०१७ साली कविवर्य सुरेश भट सभागृह उघडले. आता वास्तूची उणीव सांगता येणार नाही. उणीव आहे ती शिस्तीची. आमच्या सूचना तीनच. फुकट पास मागणे प्रतिष्ठितांनी लाजिरवाणे मानावे. प्रत्येक प्रयोगाच्या उत्पन्नातील ठराविक हिस्सा वृद्ध नट, गायक, साथीदार व पडद्यामागील कामगार यांच्या निधीत जावा. त्या निधीचा हिशेब आपल्या व्यापारी बंधूंनी ठेवावा व दरसाल जाहीर करावा. जमाखर्चाचे जे ज्ञान गंधर्व मंडळीजवळ नव्हते, ते पेढीवर बसणाऱ्यांजवळ विपुल आहे. ते कलेस देणे हेही दानच होय.

कलावंताच्या पश्चात त्याचे नाव दगडावर कोरण्यापूर्वी, तो हयात असता त्याच्या घरची चूल पेटती आहे की नाही, हे पाहणे अधिक अगत्याचे आहे.